तळाशी असलेले १२८ जण: हेलन हॉब्ज यांच्या कोलेस्टेरॉल-संशोधनाचा प्रकरण अभ्यास

रक्तातलं कोलेस्टेरॉल का वाढतं हे शोधायचं, तर ज्याचं वाढलंय त्याला तपासायचं. हे इतकं सरळ वाटतं की वेगळं काही करावं असं सहसा सुचतच नाही. या विषयातलं सुरुवातीचं बहुतेक ज्ञान असंच आलं. नॉर्वेत कार्ल म्युलर यांनी १९३०च्या दशकात अशी कुटुंबं नोंदवली, ज्यांत स्नायुबंधांवर पिवळसर गाठी येत आणि हृदयविकारही पिढ्यान्‌पिढ्या चालत असे. लेबनॉनमध्ये अवेदिस खाचादुरियन यांनी १९६०च्या दशकात अशाच घराण्यांच्या वंशावळी मांडून तो दोष आईवडिलांकडून कसा येतो ते दाखवलं. अमेरिकेतल्या डॅलसमध्ये मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी अशा आजारी मुलांच्या त्वचेतल्या पेशी काचेच्या बशीत वाढवल्या आणि एलडीएल, म्हणजे ज्याला ‘वाईट’ म्हणतात ते कोलेस्टेरॉल, पेशीत ओढून घेणारा ग्राही, म्हणजे रिसेप्टर, शोधून काढला. त्यासाठी १९८५ साली त्यांना नोबेल मिळालं.

मी ज्या प्रकरणाबद्दल लिहिते आहे ते त्याच डॅलसमधलं, साधारण २००३ ते २००६ या काळातलं. तिथे एका गटाने यादी उलटी धरली आणि ज्यांचं एलडीएल सर्वांत कमी त्यांच्याकडे पाहिलं. ही माणसं दवाखान्याची पायरी चढलेली नव्हती, त्यांना काही होतही नव्हतं. वैद्यकीय महाविद्यालयात जैवरसायनशास्त्र शिकवताना दरवर्षी हे प्रकरण मी मुलांपुढे ठेवते. औषध काय निघालं हे त्यांना पाठ असतं. ते कुणाकडे पाहिल्यामुळे निघालं हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

रहाट आणि पोहरे

पुढचं समजायला यकृतातली एक गोष्ट आधी डोळ्यांपुढे आणायला हवी. विहिरीवरचा रहाट आठवा. माळेला बांधलेले पोहरे रिकामे खाली जातात, पाणी भरून वर येतात, पन्हाळीत ओततात आणि पुन्हा खाली जातात. यकृताच्या पेशीवरचे एलडीएल ग्राही तसेच वागतात. रक्तातला एलडीएलचा कण पकडायचा, पेशीच्या आत न्यायचा, तिथे सोडायचा आणि रिकामं होऊन पुन्हा पृष्ठभागावर यायचं. एका फेरीला साधारण दहा मिनिटं लागतात, आणि एक ग्राही आपल्या आयुष्यात शंभरावर फेऱ्या मारतो. पोहरे जितके जास्त, तितकं रक्त लवकर स्वच्छ.

ज्यांना जन्मतःच या ग्राहीच्या जनुकाची एक प्रत सदोष मिळते त्यांचे पोहरे निम्मे असतात. हाच तो आनुवंशिक अतिकोलेस्टेरॉलचा आजार. अडीचशे-तीनशे माणसांत एकाला तो असतो, म्हणजे तो दुर्मीळ नाही. दोन्ही प्रती सदोष असल्या तर लहान मुलालाही हृदयविकाराचा झटका येतो. स्टॅटिन गटातल्या गोळ्या यकृताला स्वतःचं कोलेस्टेरॉल बनवू देत नाहीत. मग यकृताला टंचाई जाणवते आणि ते नवे पोहरे बांधायला घेतं. १९८७ साली अमेरिकेत लोव्हास्टॅटिनला मान्यता मिळाली तेव्हापासून हृदयविकाराच्या उपचाराचा हा कणा आहे.

एवढं कळलं होतं. पण पोहरा माळेवरून सोडवून विहिरीत बुडवणारं काही शरीरात असेल, हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

हॉब्ज आणि डॅलसचं दारोदार सर्वेक्षण

हेलन हॉब्ज रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टर म्हणून घडल्या. डॅलसच्या पार्कलँड या सार्वजनिक रुग्णालयात त्या मुख्य निवासी डॉक्टर होत्या. तिथल्या वैद्यकशास्त्र विभागाचे प्रमुख डोनाल्ड सेल्डिन यांनी त्यांना संशोधनाकडे वळवलं आणि त्या ब्राउन-गोल्डस्टीन यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाल्या. पुढे टेक्सास विद्यापीठाच्या साउथवेस्टर्न वैद्यकीय केंद्रातच त्यांनी स्वतःची प्रयोगशाळा उभारली. जोनाथन कोहेन हे दक्षिण आफ्रिकेतून आलेले जनुकशास्त्रज्ञ त्यांचे जोडीदार झाले. पुढच्या जवळपास प्रत्येक शोधावर ही दोन नावं सोबत आहेत.

त्या काळी जनुकशास्त्रात एक मत जोरात होतं: सर्रास आढळणारे आजार सर्रास आढळणाऱ्या जनुकीय फरकांमुळे होतात, प्रत्येक फरकाचा वाटा अगदी थोडा असतो, आणि असे पुष्कळ फरक एकत्र येऊन आजार घडतो. हॉब्ज आणि कोहेन यांना वाटत होतं की विरळ पण जोरदार परिणाम करणारे फरकही सामान्य लोकसंख्येत दडलेले असणार. ते शोधायचे तर जनुकाचा अख्खा मजकूर अक्षर न्‌ अक्षर वाचायला हवा, आणि तो अशा लोकांचा, ज्यांचं माप एका टोकाला आहे. २००४ साली त्यांनी एचडीएल, म्हणजे ‘चांगलं’ म्हटलं जाणारं कोलेस्टेरॉल, फार कमी असलेल्या लोकांत असे विरळ फरक दाखवले आणि पद्धत चालते याची खात्री पटली.

टोकाची माणसं शोधायला आधी सगळी माणसं मोजावी लागतात. डोनाल्ड रेनॉल्ड्स प्रतिष्ठानच्या निधीतून डॅलस हार्ट स्टडी उभी राहिली ती अशी. डॅलस काउंटीतल्या घरांची यादृच्छिक निवड करून कार्यकर्त्यांनी दारं ठोठावली. ६,१०१ जणांच्या घरी मुलाखती झाल्या, ३,३९८ जणांनी रक्त-लघवीचे नमुने दिले, आणि सुमारे तीन हजार जण हृदयाच्या, रोहिण्यांच्या (हृदयाकडून रक्त नेणाऱ्या वाहिन्यांच्या) आणि यकृताच्या छायाचित्रणासाठी केंद्रात आले.

यातला एक निर्णय मला या संपूर्ण प्रकरणाचं मर्म वाटतो. डॅलस काउंटीत कृष्णवर्णीय लोक साधारण एक पंचमांश. अभ्यासात मात्र ते जाणूनबुजून निम्मे ठेवले गेले. हृदयविकाराने मरणाऱ्यांत त्यांचं प्रमाण जास्त, आणि हृदयविकाराच्या अभ्यासांत ते जवळपास नसायचेच. १९४८ साली मॅसॅच्युसेट्समध्ये सुरू झालेला फ्रेमिंगहॅमचा प्रसिद्ध अभ्यास घ्या. कोलेस्टेरॉल, रक्तदाब, धूम्रपान यांचे धोके जगाला शिकवणारा तो अभ्यास जवळजवळ संपूर्णपणे गोऱ्या लोकांवर झाला. डॅलसमध्ये रक्ताच्या निम्म्या नळ्या कृष्णवर्णीयांच्या होत्या. पुढे जे घडलं ते त्यामुळेच घडू शकलं.

पॅरिसहून आलेली बातमी

२००३ साली दोन गोष्टी लागोपाठ प्रसिद्ध झाल्या. मॉन्ट्रियलच्या नाबिल सैदा यांच्या गटाने एका नव्या प्रथिनाची ओळख करून दिली. आणि पॅरिसमध्ये कॅथरीन बोआलो आणि मूळच्या लेबनॉनच्या मारियान आबिफादेल यांनी अशी फ्रेंच कुटुंबं दाखवली, ज्यांचं कोलेस्टेरॉल प्रचंड, पण एलडीएल ग्राहीचं जनुक निर्दोष. दोष पहिल्या गुणसूत्रावरच्या याच नव्या प्रथिनाच्या जनुकात होता. नाव पीसीएसके-९.

पण दोष म्हणजे काय? जनुक मोडलं म्हणून कोलेस्टेरॉल वाढलं, की जनुक गरजेपेक्षा जास्त काम करू लागलं म्हणून? फ्रेंच कुटुंबांवरून ते सांगता येत नव्हतं. उत्तर उंदरांनी दिलं. उंदरांच्या यकृतात हे प्रथिन जास्त प्रमाणात बनवायला लावलं, तर एलडीएल ग्राहीच नाहीसे होतात आणि कोलेस्टेरॉल चढतं. म्हणजे पीसीएसके-९ हाच तो पोहरा सोडवणारा हात. यकृत ते बनवून रक्तात सोडतं, ते पेशीवरच्या ग्राहीला चिकटतं, आणि मग आत गेलेला ग्राही परत वर येत नाही. पेशीतल्या पचनकोशात जाऊन तो संपतो. फ्रेंच कुटुंबांत हा हात जरा जास्तच जोरात चालत होता.

हे वाचल्यावर बहुतेकांच्या मनात येईल की आणखी अशी घराणी शोधावीत. हॉब्ज आणि कोहेन यांना वेगळं सुचलं. जोर वाढल्याने कोलेस्टेरॉल चढत असेल, तर ज्यांचं पीसीएसके-९ मुळातच चालत नाही अशी माणसंही जगात असणार, आणि त्यांचं कोलेस्टेरॉल फार कमी असणार. ती आपल्याकडे कधी येणार नाहीत, कारण त्यांना काही त्रासच नाही. पण त्यांच्या रक्ताच्या नळ्या आपल्या फ्रीझरमध्ये आधीच पडून असतील.

१२८ नळ्या

डॅलसच्या नमुन्यांतून सर्वांत कमी एलडीएल असलेले १२८ जण निवडले गेले, त्यांतले निम्मे कृष्णवर्णीय. त्यांचं पीसीएसके-९ जनुक पूर्ण वाचलं. दोन उत्परिवर्तनं, म्हणजे जनुकाच्या मजकुरातले बदल, हाती लागली आणि दोन्ही एकाच जातीची: वाक्य अर्ध्यावर असताना पूर्णविराम पडावा तशी. हे प्रथिन ६९२ अमिनो आम्लांचं. एका उत्परिवर्तनात १४२व्या जागीच थांबा येतो, म्हणजे प्रथिन जवळपास बनतच नाही. दुसऱ्यात थांबा ६७९व्या जागी, शेवटची फक्त १४ अमिनो आम्लं गळतात. वाटेल की एवढ्याने काय होणार. पण तेवढ्यानेही प्रथिनाची घडी नीट बसत नाही आणि ते पेशीतून बाहेरच पडत नाही.

२००५ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधातला आकडा असा: कृष्णवर्णीय अमेरिकनांत ५० माणसांमागे एकाकडे यांतलं एक उत्परिवर्तन, आणि अशांचं एलडीएल सुमारे ४० टक्क्यांनी कमी. गोऱ्या लोकांत हीच उत्परिवर्तनं हजारात एकापेक्षाही कमी. नुसता हिशेब करून पाहा. ३,४०० नळ्या सगळ्या गोऱ्या लोकांच्या असत्या तर त्यांत असे दोन-तीन जण निघाले असते, आणि दोन-तीन जणांवरून कुणी काही म्हटलं नसतं.

पण हृदयाला फायदा झाला का?

इथे प्रकरण संपलं असतं तर ती एक चांगली जनुकशास्त्रीय टिपण राहिली असती. एलडीएल कमी असणं आणि हृदय निरोगी राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डॅलसचा अभ्यास नवा होता. कुणाला झटका आला हे कळायला वर्षं जावी लागली असती. म्हणून त्यांनी ह्यूस्टनच्या एरिक बोअरविंकल यांना सोबत घेतलं. ‘एरिक’ याच नावाने ओळखला जाणारा रोहिणीकाठिण्याचा एक मोठा अभ्यास १९८७पासून अमेरिकेतल्या चार ठिकाणी चालू होता. ४५ ते ६४ वयाची माणसं त्यात होती आणि त्यांच्यावर १५ वर्षं लक्ष ठेवलेलं होतं. त्यांचे डीएनए नमुने तपासले.

३,३६३ कृष्णवर्णीय सहभागींपैकी ८५ जणांकडे ती उत्परिवर्तनं निघाली. इतरांचं सरासरी एलडीएल १३८ (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर), या ८५ जणांचं १००. फरक २८ टक्के. आता १५ वर्षांत काय झालं ते पाहा: उत्परिवर्तन नसलेल्यांपैकी ९.७ टक्के लोकांना हृदयरोहिणीचा विकार झाला. ८५ जणांपैकी झाला फक्त एकाला. धोका ८८ टक्क्यांनी कमी. आणि ही काही तब्येत जपणारी, पथ्यपाणी सांभाळणारी निवडक मंडळी नव्हती. त्यांच्यातही रक्तदाब होता, मधुमेह होता, सिगरेट ओढणारे होते.

मुलांना मी इथे थांबवते. ८५ ही संख्या लहान आहे. एकाऐवजी तिघांना विकार झाला असता तर तो आकडा खूप खाली आला असता, म्हणून ८८ टक्के हा आकडा जसाच्या तसा डोक्यावर घेऊ नये. पण त्याच निबंधात दुसरा पुरावा आहे. ९,५२४ गोऱ्या सहभागींपैकी ३.२ टक्के लोकांत याच जनुकातला एक सौम्य फरक होता. त्यांचं एलडीएल फक्त १५ टक्क्यांनी कमी, तरी धोका ४७ टक्क्यांनी कमी. पुढे डेन्मार्कमधल्या बऱ्याच मोठ्या लोकसंख्येत हाच फरक तपासला तेव्हा धोक्यातली घट ३० टक्क्यांच्या आसपास निघाली. आकडा उतरला, दिशा तीच राहिली.

या पुराव्याचं बळ कशात आहे तेही सांगायला हवं. कमी कोलेस्टेरॉल असलेला माणूस चांगलं खात असेल, व्यायाम करत असेल, सुस्थितीत असेल. मग श्रेय कशाला द्यायचं? जनुकाची कोणती प्रत मिळणार हे मात्र गर्भधारणेच्या क्षणी ठरतं. त्यात माणसाच्या शहाणपणाचा, पैशाचा, सवयीचा काही हात नसतो. निसर्गानेच चिठ्ठी टाकून लोकांचे दोन गट केले आणि आयुष्यभर प्रयोग चालवला. एचडीएलच्या बाबतीत हा आधार कुणी वेळेत घेतला नाही. २००६च्या डिसेंबरात, एचडीएल ७० टक्क्यांहून अधिक वाढवणाऱ्या टॉर्सेट्रापिब या औषधाची चाचणी बंद करावी लागली, कारण औषध घेणाऱ्यांत मृत्यू वाढले होते. जनुकामुळे एचडीएल जन्मतः जास्त असलेल्यांना झटके कमी येत नाहीत, हे २०१२ साली स्पष्टपणे दिसलं. रक्तातला आकडा आणि रोगाचं कारण यांतलं अंतर इतकं महाग पडू शकतं.

एलडीएल १४

एक भीती उरली होती. पीसीएसके-९ अजिबात नसेल तर? औषधाने ते बंद पाडायचं म्हटलं, आणि यकृतावर, मेंदूवर, गर्भधारणेवर परिणाम झाला तर? २००६ साली हॉब्ज-कोहेन यांच्या सहकाऱ्यांनी एका ३२ वर्षांच्या स्त्रीची नोंद केली. दोन्ही पालकांकडून तिला निकामी प्रत आली होती आणि रक्तात पीसीएसके-९ चा मागमूस नव्हता. तिचं एलडीएल १४. आपल्याकडच्या अहवालात शंभरच्या खाली आलं की आपण सुस्कारा सोडतो, त्याच एककात १४. तिची तब्येत ठणठणीत होती आणि तिला मुलंही झाली होती. पुढच्याच वर्षी झिम्बाब्वेतल्या एका तरुणीची नोंद झाली, एलडीएल साधारण १५, तीही निरोगी.

औषधनिर्मितीत एखाद्या लक्ष्याबद्दल एवढी खात्री माणसाला औषध देण्याआधीच मिळावी, याचं दुसरं इतकं स्वच्छ उदाहरण मला तरी ठाऊक नाही. स्टॅटिन घेतल्यावर यकृत नव्या पोहऱ्यांबरोबर पीसीएसके-९ ही जास्त बनवतं, हेही तोवर कळलं होतं. म्हणजे स्टॅटिन आपलं काही काम स्वतःच पुसत होतं, आणि दोन्ही औषधं एकत्र देण्यात अर्थ होता. पीसीएसके-९ ला रक्तातच पकडणारी प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी, तयार झाली. २०१५च्या जुलै-ऑगस्टमध्ये अमेरिकेत अॅलिरोक्युमॅब आणि इव्होलोक्युमॅब या दोन इंजेक्शनांना मान्यता मिळाली. जनुक सापडल्यापासून १२ वर्षं.

८८ आणि १५

२०१७ साली २७,५६४ रुग्णांवरच्या चाचणीचा निकाल आला. इव्होलोक्युमॅबने सरासरी एलडीएल ९२ वरून ३० वर आणलं, जवळपास ६० टक्के घट. आणि हृदयविकाराच्या प्रमुख घटनांत घट १५ टक्के. पुढच्या वर्षी अॅलिरोक्युमॅबचा निकालही तसाच, १५ टक्के. बरेच जण निराश झाले. एलडीएल २८ टक्क्यांनी कमी असलेल्या त्या ८५ जणांना जवळपास विकारच झाला नाही, मग ६० टक्क्यांनी कमी करून एवढंच?

इथे दोन्ही आकड्यांच्या मागचा काळ पाहावा लागतो. चाचणीतल्या रुग्णांना आधीच रोहिणीचा आजार होता, त्यांचं सरासरी वय साठीच्या पुढे, आणि पाठपुरावा सव्वादोन वर्षांचा. त्या ८५ जणांचं एलडीएल पाळण्यात असल्यापासून कमी होतं. रोहिणीच्या भिंतीत थर बसायला दशकं लागतात. घराच्या भिंतीत तीस वर्षं ओल मुरल्यावर गळका नळ दुरुस्त केला, तर पुढची ओल थांबते, मुरलेली लगेच सुकत नाही. किती वाढलं याच्या जोडीला किती वर्षं वाढलेलं राहिलं हे मोजायला हृदयरोगतज्ज्ञ आता लागले आहेत, त्यामागे डॅलसच्या या नळ्यांचा मोठा वाटा आहे. माझ्या मते पीसीएसके-९ चा हा शोध औषधापेक्षाही मोठा आहे. ज्या घरात चाळिशीत कुणाला झटका आला, त्या घरातल्या शाळकरी मुलांचं कोलेस्टेरॉल तपासून घ्या असं मी सांगते तेव्हा लोकांना ते अति वाटतं. ती ८५ माणसं आठवली की मला ते अति वाटत नाही.

कुणाच्या रक्तातून, कुणासाठी

इंजेक्शनं बाजारात आली तेव्हा अमेरिकेत त्यांची किंमत वर्षाला सुमारे १४,००० डॉलर होती. २०१८ मध्ये ती निम्म्याहून खाली आणावी लागली. हा शोध ज्यांच्या रक्तातून लागला त्या समाजातल्या विमा नसलेल्या माणसाला ते औषध कसं मिळणार होतं? त्याच कामाचं, वर्षातून दोनदा घ्यायचं इन्क्लिसिरान हे इंजेक्शन २०२० साली युरोपात आणि २०२१ साली अमेरिकेत मान्य झालं. तेही आपल्याकडच्या सामान्य घराच्या आवाक्यापलीकडचं आहे. हे मला मनापासून लागतं.

दक्षिण आशियाई माणसाला पहिला झटका सरासरी ५३व्या वर्षी येतो, इतर देशांतल्या लोकांना जवळजवळ ५९व्या, असं अनेक देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात दिसलं. एवढा फरक असताना आपल्या लोकांच्या नळ्या मात्र जगाच्या फ्रीझरमध्ये फारच थोड्या. आपल्या भागातल्या रक्तातही शोध दडलेले आहेत याचा पुरावा शेजारून आला आहे. २०१७ साली पाकिस्तानातल्या १०,५०३ लोकांची जनुकं वाचली गेली, त्यांत एका कुटुंबात आईवडील आणि त्यांची नऊही मुलं अशी निघाली, ज्यांच्याकडे एपीओसी-३ हे रक्तातली चरबी वाढवणारं जनुक मुळीच चालत नाही. नात्यात लग्नं होणाऱ्या समाजातच असं सहजी सापडतं. जातीत आणि नात्यात लग्नं करणाऱ्या आपल्या समाजांत काय काय असेल, हे अजून कुणी नीट उलगडलेलं नाही. जीनोम इंडिया प्रकल्पात सुमारे १०,००० भारतीयांचे जनुकसंच वाचले गेले, ही सुरुवात झाली. पण जनुकसंचाच्या शेजारी त्या माणसाचं एलडीएल, त्याचं यकृत, त्याच्या रोहिण्या आणि १५ वर्षांनी त्याचं काय झालं ही नोंद नसेल, तर डॅलससारखा प्रश्न विचारता येत नाही. डॅलसच्या गटाने २००८ साली त्याच सहभागींच्या यकृताच्या छायाचित्रणातून यकृतात चरबी साठवणारा पीएनपीएलए-३ जनुकातला फरक शोधला, तो ही सगळी नोंद एकाच ठिकाणी होती म्हणूनच.

महाराष्ट्रात हे अशक्य नाही. पुण्याजवळच्या सहा गावांत के.ई.एम. रुग्णालयाच्या चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ साली घरोघरी जाऊन स्त्रियांची नोंद केली, गरोदरपणाआधीपासून त्यांची मापं घेतली, आणि जन्मलेल्या मुलांचा पाठपुरावा चालू ठेवला. ती मुलं आता तिशीत आहेत.